अतिवाहक, अतिसंवाहक की महावाहक?

उंबरठा: निओबियम या धातूच्या नॅनोकणांवर एका मासिकासाठी लेख लिहितोय. सुपरकंडक्टरला (पुरेशा थंडीत विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थाला) मराठीत 'अतिवाहक', 'अतिसंवाहक' आणि क्वचित 'महावाहक' असंही दिसतं. कोणता घेऊ? आणि नॅनोला 'अब्जांश' चालेल का?

खारीक: विश्वकोशात 'अतिसंवाहकता' आहे, तोच घ्या. शाळेत सुवाहक-दुर्वाहक शिकलेल्याला 'अतिवाहक' चटकन कळेल, पण तो 'सुवाहक'च्या वरची पायरी समजेल. तसं नाहीये. चांदी आणि तांबं हे उत्तम सुवाहक, पण आजवर कितीही थंड केले तरी त्यांचा रोध शून्य झालेला नाही. उलट पारा वाहक म्हणून सुमार. तरी १९११ साली लायडनला कामरलिंग ओनेस यांनी त्याला सुमारे ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंशांपर्यंत नेलं, तेव्हा रोध एकदम नाहीसा झाला. पारा, शिसं यांच्यात स्फटिकजालाची, म्हणजे अणूंच्या जाळीची, थरथर इलेक्ट्रॉनांना जोरात अडवते, आणि पुरेशा थंडीत त्याच थरथरीमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, आणि त्या विनारोध वाहतात. लेखात हे जरूर लिहा, म्हणजे 'अति'चा घोळ आपोआप मिटेल.

टिपूस: मग सरळ 'शून्यरोधी' का नको? सोपा आहे की.

खारीक: सोपा आहे, पण अर्धवट. १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांना दिसलं की असा पदार्थ आतलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. नुसता रोध शून्य असता तर थंड होण्याआधी आत असलेलं क्षेत्र तिथेच अडकून पडलं असतं.

रानमेवा: 'महावाहक' नको हो, ट्रक वाटतो!

'अब्जांश' अर्थाने चोख, पण वाचक अडखळेल. टाटांच्या गाडीने 'नॅनो' घरोघरी पोचवलाय, तोच ठेवा. 'सूक्ष्मकण' मात्र टाळा, मायक्रोशी गल्लत होते. तुमच्या विषयात तर आकारच महत्त्वाचा. निओबियमचा मोठा तुकडा ९ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या) प्रयोगांत कण साधारण २० नॅनोमीटरच्या खाली गेले की हे तापमान उतरू लागलं आणि ८ नॅनोमीटरच्या आसपास अतिसंवाहकताच गेली.

उंबरठा: 'अतिसंवाहक' आणि 'नॅनो' पक्कं. 'उच्च तापमान अतिसंवाहक' लिहिताना मात्र हसू येतं. इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचं 'उच्च' तापमान म्हणजे ९३ केल्विन!

खारीक: उणे १८० अंश. आकडा शेजारीच छापा. ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनने काम भागतं, महागडा द्रव हेलियम लागत नाही, म्हणून ते 'उच्च'.

उंबरठा: शेवटचं. काही अतिसंवाहकांत चुंबकीय क्षेत्र बारीक नळ्यांसारखं आत शिरतं. त्या नळ्यांना 'भोवरे' म्हणू?

रानमेवा: बिनधास्त म्हणा. प्रत्येक नळीभोवती विद्युतप्रवाह खरंच गोल फिरत असतो.