अर्थशास्त्रज्ञाचा प्रभाव मोजताना एच-इंडेक्स बाजूला ठेवा

सीमांत (धागाकर्ते)
नेमणूक असो वा बढती, अर्थशास्त्रज्ञाच्या कामाची चर्चा हल्ली एच-इंडेक्सपाशी सुरू होते आणि तिथेच आटोपते. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी हा आकडा २००५ मध्ये मांडला. पेपर सायटेशनच्या, म्हणजे इतर पेपरांनी केलेल्या उल्लेखांच्या, उतरत्या क्रमाने लावायचे. ज्या शेवटच्या क्रमांकावर सायटेशन निदान त्या क्रमांकाइतकी भरतात, तो एच. समजा एकाचे दोनच पेपर, प्रत्येकी २०,००० सायटेशन. एच २. दुसऱ्याचे ३० पेपर, प्रत्येकी ३०. एच ३०. एकूण ४०,००० विरुद्ध ९००, तरी दुसरा पंधरापट मोठा!

रोनाल्ड कोस यांचं नाव मुख्यतः दोन लेखांवर उभं आहे: कंपन्या मुळात असतात कशाला, हे विचारणारा १९३७ चा आणि व्यवहारखर्च (सौदा ठरवण्या-पाळण्याचा खर्च) व मालकीहक्कांवरचा १९६० चा. १९९१ चं नोबेल याच विचारासाठी मिळालं. असा माणूस या चाळणीतून सरळ गळेल. समितीने उमेदवाराचे तीन पेपर मागवून वाचावेत, आकडा पाहूच नये.

गुणोत्तर
साफ असहमत. वाचणार कोण? वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावरचा अकरलॉफ यांचा पेपर तीन नामांकित नियतकालिकांनी नाकारला, मग १९७० मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्सने छापला. २००१ ला नोबेल. नाकारणारेही तज्ज्ञच होते. त्यांची चूक पुढच्या संशोधकांनी सायटेशनमधून दुरुस्त केली. ज्याच्या पाठीशी कुणी वजनदार गुरू नाही, त्याला समितीपुढे ठेवायला आकड्याखेरीज असतं काय?

तळटीप
दुरुस्ती झाली खरी, पण तिला वेळ लागतो. अमेरिकी विद्यापीठांत कायम नेमणुकीचा निर्णय साधारण सहाव्या-सातव्या वर्षी होतो. पाचव्या वर्षी छापलेल्या पेपरला तोवर सायटेशन जमणार किती? मग समित्या पाच बड्या नियतकालिकांतले पेपर मोजत बसतात. हेकमन आणि मोक्तान यांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या आघाडीच्या ३५ विभागांबाबत हेच दाखवलं. शिवाय, प्रभावी पेपरांचा मोठा वाटा या पाचांबाहेर छापला जातो, हेही.

आणि सायटेशन म्हणजे मान्यता नव्हे. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९०% वर गेलं की आर्थिक वाढ खुंटते, असा राइनहार्ट-रोगॉफ यांचा २०१० चा पेपर. २०१३ मध्ये हर्नडन, ॲश आणि पॉलिन यांनी तपासला, तेव्हा एक्सेलच्या सूत्रातून पाच देश सुटलेले निघाले. वगळलेली वर्षं आणि सरासरीची पद्धतही बदलल्यावर ९०% वर कर्ज असलेल्या गटाचा सरासरी वाढदर −०.१% चा २.२% झाला. चूक दाखवणारा प्रत्येक पेपर मात्र मूळ पेपरच्या खात्यात एकाची भर घालत गेला.

गुणोत्तर
घालणारच, आणि घालावीच! सरकारी खर्चकपातीच्या धोरणांवरचा वाद त्या पेपरभोवती फिरला. प्रभाव वेगळा, अचूकता वेगळी; दुसरीसाठी डेटा आणि कोड चालवून पाहावा लागतो.

अवशेष
आकडा वापरायचाच तर आधी साफ करा. अर्थशास्त्रात पेपर छापण्याआधी कैक वर्षं वर्किंग पेपर (न छापलेला मसुदा) म्हणून फिरतो, त्यामुळे सायटेशन मोजणाऱ्या गूगल स्कॉलरवर एकाच कामाच्या दोन-तीन नोंदी सापडतात. त्या एकत्र केल्या नाहीत तर सायटेशन विभागली जातात आणि एच खोटा निघतो, कधी कमी, कधी जास्तही. लेखकाने स्वतःच्याच पेपरांना दिलेली सायटेशन वजा करा. उरलेली लेखकसंख्येने भागा: कार्ड आणि डेलाविन्या यांच्या मोजणीत बड्या पाच नियतकालिकांत पेपरमागे लेखक १९७० च्या सुमारास १.३ होते, २०१२ मध्ये २.३. पहिलं नाव कुणाचं, याला इथे फारसा अर्थ नाही; नावं बहुधा वर्णानुक्रमाने लागतात. तुलना त्याच उपशाखेतल्या, पीएचडीनंतर तितकीच वर्षं झालेल्यांशीच करा. एच कधी कमी होत नाही, तेव्हा ज्येष्ठाशी तुलना म्हणजे निव्वळ अन्याय.

सीमांत
हे सगळं केलंत तरी, जे काम रोजच्या वापरात मुरलं ते निसटतंच. नॅश समतोल (एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) वापरणारे किती जण १९५० चा मूळ पेपर नोंदवतात? दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमांवरून जोड्या लावण्याची पद्धत सांगणारा गेल आणि शॅप्ली यांचा १९६२ चा पेपर तर गणिताच्या मासिकात आला. न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या सरकारी शाळांचे प्रवेश पुढे त्याच पद्धतीवर नव्याने आखले गेले. ते कुठल्या रकान्यात मांडाल?

गुणोत्तर
उमेदवाराच्या अर्जात. पद्धत कुठे, कुणी, कोणत्या वर्षी लागू केली, हे एका पानात पुराव्यासह मागा आणि साफ केलेल्या आकड्यांशेजारी ठेवा. फक्त तीन पेपर वाचून शाळाप्रवेशांचा पत्ता तुम्हालाही लागला नसता.