बदकाच्या पिल्लांना धाप लागते आहे, रात्रीपुरतं काय करू?

बदकाची सहा पिल्लं होती, आता पाच आहेत. वय बारा दिवस. परवा रात्री एक पिल्लू चोच उघडी ठेवून, मान पुढे ताणून श्वास घेऊ लागलं. प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली व्हायची. घरघर नाही, नाकाडोळ्यांतून पाणी नाही. सकाळी ते गेलं. आज आणखी दोघांचं तसंच सुरू झालंय. उरलेली तीन खाताहेत, चिवचिवताहेत.

पुठ्ठ्याचं खोकं, वर बल्ब, खाली पेंढा. पहिल्या आठवड्यात ऊब ३२ अंशांच्या आसपास होती, आता २९. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत नाहीत, कोपऱ्यातही पळत नाहीत, म्हणजे गारठा किंवा उकाडा नसावा.

मला सगळ्यात जास्त छळतोय तो पेंढा. बदकं पाणी सांडतातच. मी ओल्यावर कोरडा पेंढा टाकत राहिले. आज खोकं उपसलं तर तळाला हिरवट-राखाडी बुरशी, आणि डोळे चुरचुरावेत असा उग्र वास. शिवाय गेलेल्या पिल्लाला मी ड्रॉपरने पाणी पाजलं होतं आणि त्याने जोरात मान झटकली होती. ते पाणी श्वासनलिकेत गेलं असेल का?

पशुवैद्य उद्या सकाळी भेटणार आहेत. घरात खोकल्यावरच्या अँटिबायोटिक गोळ्या उरल्यात, त्यातला कण द्यावा असं घरचे म्हणतात. मला धीर होत नाही.

प्रतिसाद १

ताई, गोळी देऊ नका. आवाज न होता धाप लागणं आणि खाली बुरशी, यावरून संशय अ‍ॅस्परजिलस बुरशीचाच येतो. तिचे बीजाणू श्वासाबरोबर फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत जाऊन बसतात. अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही. हा आजार एका पिल्लाकडून दुसऱ्याला लागत नाही, पण सगळी त्याच पेंढ्यावर होती, म्हणून तिन्ही धडधाकट पिल्लांवरही लक्ष ठेवा.

पिल्लं आधी दुसऱ्या खोलीत न्या. पेंढा घरात झटकू नका, तोंडाला मास्क लावून पिशवीत बांधून बाहेर टाका. ती धूळ तुमच्याही छातीला वाईट. नव्या खोक्यात जुना टॉवेल अंथरा. गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. खोलीत हवा खेळती हवी, पण झोत अंगावर नको. स्वयंपाकघराजवळ ठेवू नका: नॉनस्टिक भांडं फार तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात.

आजारी पिल्लं हातात घट्ट धरू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच श्वास आत जातो. पोहायला तर अजिबात सोडू नका.

ड्रॉपर बंद. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, त्यामुळे ठसका लागू शकतो. नेमकं काय झालं ते इथून कळणार नाही. नाकपुड्या बुडतील इतकं पाणी भांड्यात ठेवा आणि आत गोटे टाका, म्हणजे चोच धुता येईल पण आत उतरता येणार नाही.

गेलेलं पिल्लू पुरलं नसेल तर दोन पिशव्यांत बांधून, अन्नापासून दूर, फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको. पशुवैद्य ते उघडून पाहू शकतील.

प्रतिसाद २

रानपक्ष्यांशी संपर्क आला असेल, किंवा एकदम बरीच पिल्लं दगावली, तर बर्ड फ्लूची शंका धरून दवाखान्यात नेण्याआधी फोनवर कल्पना द्या. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा.

धागाकर्ती

रानपक्ष्यांशी संपर्क नव्हता, तरी आधी फोन केला. डॉक्टरांनी गेलेलं पिल्लू उघडलं. फुप्फुसांवर पिवळसर-पांढरे दाणे होते. बुरशीच.

आजारी दोघांपैकी एक काल दुपारी गेलं. दुसरं थोडं थोडं खातंय, डॉक्टरांनी दिलेलं औषध सुरू आहे, पण शेपटी अजून हलते. त्याला जाळीच्या अलीकडे ठेवलंय, बाकीची तीन दिसतील असं. एकटं ठेवलं की ओरडून ओरडून दमतं. ती तिघं ठीक आहेत, टॉवेल मी दिवसातून तीनदा बदलते.

कुणाचं पिल्लू यातून वाचलं असेल तर श्वास शांत व्हायला किती दिवस लागले, ते सांगाल का?