शब्दचर्चा : गेट ‘बंद’ केलं, मग पुन्हा उघडलं कसं?

शहापूर, बेळगावहून

मंडळी, एका क्रियापदावर अडलोय, मदत हवी.

पावसाळ्यातल्या रविवारी आमच्याकडे चार-पाच जण जमून ‘आर्कम हॉरर’ खेळतो. भुताखेतांचा पटावरचा खेळ, पण एकमेकांना हरवायचं नसतं. सगळ्यांनी एका बाजूनं पटाशी लढायचं. रिचर्ड लॉनियस यांचा मूळ खेळ १९८७ चा. आमच्याकडे आहे ती २००५ ची दुसरी आवृत्ती, आणि खाली लिहिलेले नियम तिचेच आहेत. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत रचनाच बदलली आहे.

नियमपुस्तक इंग्रजीत, टेबलावरचं बोलणं मराठीत, आणि शेजारचे अण्णा कानडी. नियम मी वाचतो आणि मराठीत सांगतो. गेल्या खेळात भाचा गेटमधून पलीकडच्या जगात गेला, फिरून परत आला, फासे टाकले, गेट मिटवलं. सगळे खूश. त्याच्यापुढं सहा सुगावे (‘क्लू’ची टोकनं, जमवून खर्चायची) होते, ते त्यानं नीट रचून ठेवून दिले. दोन फेऱ्यांनी त्याच जागी पुन्हा गेट उघडलं. तो पटाकडं बघतच राहिला. “मामा, मी बंद केलेलं ना?”

चूक माझी होती. पुस्तकात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ‘क्लोज’ आणि ‘सील’. मी दोन्हीला ‘बंद करणे’ म्हणत होतो. फासे जिंकले की गेट क्लोज होतं. ते पटावरून उचलून आपल्याजवळ ठेवायचं, आणि त्या गेटचं चिन्ह असलेली सगळी भुतंही पटावरून जातात. पण जागा मोकळीच राहते, तिथं पुन्हा गेट उघडू शकतं. त्याच क्षणी पाच सुगावे खर्चले तर मात्र सील होतं आणि मग तिथं गेट उघडत नाही. अशा सहा जागा सील झाल्या की आपण जिंकलो. म्हणजे पोराकडे सहा सुगावे असताना त्याला कुणी विचारलंच नाही, ‘आता सील करणार का?’ मराठीत विचारायला माझ्याकडे शब्दच नव्हता.

या दोन क्रियांना दोन शब्द सुचवा. ‘मुद्रांकित करणे’ नको, टेबलावर कुणी तसं बोलणार नाही.

खानापूरहून

दादा, आमच्यात दाराला एक शब्द नाहीच. वाऱ्यानं आपटू नये म्हणून दार ‘लोटायचं’. बाहेर जाताना ‘ओढून घ्यायचं’. पाऊस आत येतोय म्हणून ‘झाकायचं’. रात्री ‘कडी घालायची’. आणि आजोळच्या जुन्या घरात दाराच्या मागं भिंतीतल्या भोकातनं सरकवायचा लाकडी अडसर होता, तो घातला की बाहेरनं दोघांनी रेटलं तरी दार हलत नव्हतं. क्लोजला ‘झाकणे’ घ्या, सीलला ‘अडसर घालणे’.

शहापूरहून

‘झाकणे’ लगेच पटलं. अण्णांनाही, कारण कानडीतलं ‘मुच्चु’ भांडं झाकायलाही चालतं आणि दार बंद करायलाही. झाकलेलं पुन्हा उघडतं हे कुणाला सांगावं लागत नाही, शब्दातच आहे.

‘अडसर’ मात्र सकाळी काढतो आपण. इथं काढायचा प्रश्नच नाही.

निपाणीहून

मग ‘लिंपणे’ बघा. कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपतात तसं. किंवा पेवाचं. आमच्या आज्ज्यानं पेव बघितलेलं, जमिनीत खोल खणलेलं, तोंड लहान, पोट मोठं. आत जोंधळा भरायचा, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, ती तर प्रसिद्धच आहेत. पेव उघडलं की लगेच आत उतरत नव्हते. आत कोंडलेली हवा वाईट असते, आधी दिवा सोडून बघायचे, विझला तर थांबायचं.

शहापूरहून

निपाणीकर, मी विचारलं त्यापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही दिलीत.

लिंपलेलं पेवही धान्य काढायला फोडतातच, त्यामुळं सीलला तो शब्द बसत नाही. पण ‘पेव फुटणे’! आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद होतो तो ‘मॉन्स्टर सर्ज’चा. दर फेरीला उचलायच्या पानावर (पत्त्यावर) आलेल्या जागी गेट आधीपासून उघडं असेल तर दुसरं गेट लागत नाही, भुतांचा लोंढा येतो. तो एकाच गेटातून नाही, पटावरच्या सगळ्या उघड्या गेटांतून. उघडी गेटं किती आणि खेळाडू किती, यांत जो आकडा मोठा तितकी भुतं, आणि ती सगळ्या गेटांवर शक्य तितकी सारखी वाटायची. आम्ही महिनाभर एकाच गेटावर भुतांची रास घालत होतो, कारण मी ‘लोंढा येतो’ म्हणायचो आणि लोंढा म्हटलं की एकच तोंड डोळ्यांपुढं येतं. ‘पेव फुटलं’ म्हटलं तर जिकडंतिकडं उगवल्याचा भाव येतो. पावसात बेडकांचं पेव फुटतं ते काय एका डबक्यातनं?

पेव फुटताना सर्वनाशाच्या पट्टीवर (‘डूम ट्रॅक’, ती भरली की मोठं संकट जागं होतं) खूण वाढत नाही, हेही लक्षात ठेवायचं. नवं गेट उघडलं की वाढते. आणि सील केलेली जागा पानावर आली तर काहीच होत नाही, गेटही नाही, भूतही नाही.

कडोलीहून

सीलला ‘बुजवणे’. आमच्या मळ्यातली पडकी विहीर वडिलांनी बुजवली. दगड, मुरूम, वर माती. आता त्यावरनं ट्रॅक्टर जातो. विहीर ‘झाकली’ म्हटलं तर कुणी तरी फळी बाजूला करून डोकावणार. ‘बुजवली’ म्हटलं की संपलं, तिथं पाणी शोधायला कुणी जात नाही.

शहापूरहून

बुजवणे. हेच. ‘झाकलं, आता बुजवणार का? पाच सुगावे हवेत.’ हे वाक्य म्हणून बघितलं, नियम आपोआप आत बसतो. भूत-पिशाच्चाच्या बाबतीत ‘बंदोबस्त करणे’ असंही आपल्यात म्हणतात, पण त्यात जागेपेक्षा भूत मनात येतं. इथं भूत नाही, भोक मिटवायचंय.

बुजवायची दुसरी वाट म्हणजे ‘एल्डर साइन’चं पान. त्याला फासेही नकोत आणि सुगावेही नकोत, पण एक त्राण आणि एक भान द्यावं लागतं. (त्राण म्हणजे स्टॅमिना, भान म्हणजे सॅनिटी. गावात असताना त्राण संपलं की शुद्ध हरपते आणि इस्पितळात, भान हरपलं की वेड्यांच्या इस्पितळात. खेळाडू मरत नाही. दोन्ही एकदमच शून्य झाली तर मात्र तो गिळला जातो आणि नवं पात्र घ्यावं लागतं.)

चिकोडीहून

काका, आणखी एक विचारू? ‘एक्झॉस्ट’ला काय म्हणता? आमच्या गटात वापरलेलं पान सरळ टाकून देत होते. एक्झॉस्ट म्हणजे संपलं, असं त्यांचं म्हणणं.

शहापूरहून

संपलं नाही, दमलं. दमलेला बैल कुणी विकत नाही, दावणीला बांधतो. पान पालथं ठेवायचं आणि पुढच्या फेरीच्या सुरुवातीला उताणं करायचं, की पुन्हा वापरायला तयार. आम्ही नुसतं ‘पालथं’ म्हणतो. टाकायच्या पानाला ‘टाकलं’. हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरू नयेत, निम्मे वाद तिथंच मिटतात.

चिकोडीहून

मग पलीकडच्या जगातून फिरून आल्यावर जी खूण मिळते, तिला ‘पालथं घातलेलं’ म्हणू का? गाव पालथं घातलं तसं.

शहापूरहून

शब्द सुंदर आहे, पण या टेबलावर नको. एकाच फेरीत ‘पान पालथं’ आणि ‘गेट पालथं घातलं’ आलं तर कुणी तरी गेटच उलटं ठेवील. त्याला ‘बघून आलेलं’ म्हणा. साधं आहे, आणि त्यातला नियमही कळतो. बघून आलास की गेट झाकेपर्यंत तिथंच थांब. ती जागा सोडलीस की खूण गेली, पुन्हा आत जाऊन बघून ये. फासे हरले तरी चालेल, जागेवर राहिलास तर पुढच्या फेरीत झाकायचा प्रयत्न पुन्हा करता येतो.

आणि पायाखालीच गेट उघडलं की माणूस आत ओढला जातो आणि ‘डिलेड’ होतो, त्याला आम्ही ‘खोळंबला’ म्हणतो. सोंगटी आडवी ठेवायची. पुढच्या चालीला फक्त उभी करायची, हलवायची नाही.

खानापूरहून

आणि ती सर्वनाशाची पट्टी? तिला अजून इंग्रजीच म्हणता?

शहापूरहून

‘डूम ट्रॅक’च म्हणतोय अजून. पण काल रात्री सुचलं ते लिहितो, पटतं का सांगा. पूर्वी लग्नमुहूर्ताला पाण्यात घटिकापात्र सोडायचे. बुडाला बारीक छिद्र, पाणी हळूहळू आत चढायचं, भरलं की वाटी बुडायची. त्यावरनंच आपण म्हणतो, ‘घटका भरत आली.’ इथंही तेच आहे. गेट उघडलं की एक खूण, आणि पट्टी भरली की झोपलेला ‘प्राचीन’ (‘एन्शंट वन’, खेळातला बडा राक्षस, दर खेळात एक) जागा होतो. यिग नावाच्या प्राचीनाच्या पट्टीवर १० घरं, थुलूच्या १३, अझॅथॉथच्या १४, आणि अझॅथॉथ जागा झाला तर लढाईसुद्धा नाही, तिथंच खेळ संपला.

एकेका खुणेला ‘घटका’ म्हणायचं. गेट झाकलं तरी घटका मागं जात नाही. पाच सुगावे देऊन बुजवलं तरी नाही. फक्त एल्डर साइननं बुजवलं तर एक घटका कमी होते. रविवारी हे शब्द वहीच्या पानावर लिहून डब्याच्या झाकणात आतून चिकटवतोय. कानडी बाजू अण्णा लिहिणार आहेत. पेवाला त्यांच्यात ‘हगेव’ म्हणतात, पण त्याला ‘फुटणे’ लावून चालतं का, ते घरी आईला विचारून सांगतो म्हणालेत.