आउटबोर्डचा टॅकोमीटर चुकीचं दाखवतोय, आणि बाकी मीटर कुठले बसवावेत?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा प्लीज. मी धायरीला राहतो पण बोट असते उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणच्या जवळ कुंभारगावला. दाजी तिथे थंडीत रोहित पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना फिरवतात. मागच्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून कोकणातून एक वापरलेली १६ फुटी फायबरची बोट आणली, त्यावर यामाहाचं ४० एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन), इलेक्ट्रिक स्टार्ट, स्टिअरिंग आणि रिमोट पुढे कन्सोलवर. बोट आली तेव्हा डॅशवर तीन रिकामी भोकं होती, मीटर एकही नव्हता, आणि आम्हीपण म्हटलं इंजिन चालतंय ना मग बास.

ते महागात पडलं. जानेवारीत जलपर्णीचा गठ्ठा खाली पाणी खेचायच्या जाळीला चिकटला, इंजिनला पाणी मिळेना. मागून जी पाण्याची धार पडते ती बंद झालेली, पण दाजी पुढे तोंड करून बसलेले, त्यांना कशी दिसणार? बझर वाजलाच नाही, नंतर बघितलं तर त्याची वायरच आधीच्या कुणीतरी कापून टेप मारून ठेवली होती. इंजिन बंद पडलं तेव्हा बोटीत पाच जण, त्यात एक आजी, आणि वारा सुटलेला. दुसऱ्या होडीने ओढून आणलं. इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) पूर्ण वितळलेला, हेड गॅस्केट गेलेलं. पैशाचं जाऊ द्या, पण त्या आजी दाजींचा हात धरून बसल्या होत्या ते डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून आता मीटर लावायचेतच. ऑनलाइन एक टॅको (टॅकोमीटर, इंजिनचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा) घेतला, ० ते ८०००, मरीन म्हणून लिहिलेला, आणि ओळखीच्या गाडीवाल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. तर आयडलला १३५० दाखवतो आणि फुल थ्रॉटलला काटा ७९०० च्या पुढे, म्हणजे शेवटाला टेकतो. इंजिनचा आवाज तर अगदी नॉर्मल आहे. मीटर खराब आहे का? आणि बाकी कुठले घेऊ, बजेट दहा-बारा हजार. नाना पेठेतून कारचे मीटर आणून लावले तर चालतील का? स्वस्त पडतात.

भोसरी_वायरिंग

मीटर चांगला आहे भाऊ, परत करू नका. सेटिंग चुकलंय.

आउटबोर्डचा टॅको फेरे डायरेक्ट मोजत नाही, तो फ्लायव्हीलखालच्या (इंजिनवरच्या फिरणाऱ्या जड चाकाखालच्या) चार्जिंग कॉइलमधून येणारे पल्स मोजतो. मॅग्नेटचे जितके पोल त्याच्या निम्मे पल्स एका फेऱ्याला, म्हणजे १२ पोल असतील तर ६ पल्स. मीटरच्या पाठीमागे एक छोटा सिलेक्टर असेल, त्यावर ४पी, ५पी, ६पी असं काहीतरी लिहिलेलं असतं, काहींवर पोलचा आकडा असतो, ते नीट वाचा कारण ६ पल्स आणि ६ पोल यात डबलचा फरक आहे. तुमच्या आकड्यांवरून मला वाटतं इंजिन ६ पल्स देतंय आणि मीटर ४ वर आहे, म्हणजे सगळं दीडपट दिसणार. १३५० भागिले दीड, ९००. ७९०० भागिले दीड, ५२७० च्या आसपास. दोन्ही आकडे या इंजिनला शोभतात, या साइजच्या टू-स्ट्रोकची फुल थ्रॉटल रेंज बहुतेक ४५०० ते ५५०० असते, तुमच्या मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या. पण माझ्या हिशोबावर विसंबू नका, तपकीर गल्लीतून एक साधा ऑप्टिकल टॅको मिळवा, फ्लायव्हीलला रिफ्लेक्टिव्ह पट्टी चिकटवा आणि आयडलला ताडून बघा. काउल (इंजिनवरचं झाकण) काढलेलं असेल तेव्हा हात, बाही, उपरणं काहीही जवळ नको.

सिलेक्टर फिरवताना चावी बंद ठेवा, बरेच मीटर चालू होतानाच सेटिंग वाचतात. आणि तो दोन-चार वेळा इकडून तिकडे फिरवून मग जागेवर आणा, आतल्या कॉन्टॅक्टवर गंज बसलेला असतो.

वायरचे रंग पण तपासा. यामाहात हिरवी म्हणजे टॅकोचा सिग्नल, पिवळी म्हणजे चावी चालू केल्यावरचे १२ व्होल्ट, काळी अर्थ, आणि गुलाबी ओव्हरहीटच्या बझरची. तुमच्या मीटरसोबत आलेला कागद बहुतेक अमेरिकन रंगांचा असेल, जांभळी पॉझिटिव्ह, करडी सिग्नल. सुझुकीत तर करडी हीच १२ व्होल्टची आणि पिवळी सिग्नलची! त्यामुळे रंग बघून जोडणाऱ्याकडून घोळ होतो, मल्टिमीटर लावूनच जोडायचं. आणि ती गुलाबी वायर सगळ्यात आधी दुरुस्त करा, मीटर नंतर.

कारचा मीटर नको. चार सिलिंडर कारचा टॅको फेऱ्याला २ पल्स धरतो, तुमचं इंजिन ६ देणार, तिप्पट दिसेल. टेंपरेचरचंही तेच, हे इंजिन तलावाच्या गार पाण्यावर चालतं, थर्मोस्टॅट साधारण पन्नास अंशांच्या आसपास उघडतो, कारचा काटा तळाशीच पडून राहील आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. शिवाय आत पाणी शिरतं, एका पावसाळ्यात काच धुरकट.

पाषाण_सेलर

एवढे वेगवेगळे डबे कशाला, एकच डिजिटल स्क्रीन घ्या ना एनएमईए २००० (बोटीवरच्या उपकरणांचं डेटा नेटवर्क) वाली, सगळं एका ठिकाणी दिसतं.

भोसरी_वायरिंग

सर, त्यांचं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक आहे, त्यात ईसीयूच (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही, स्क्रीनला डेटा देणार कोण? मध्ये अॅनालॉगचा कन्व्हर्टर टाकता येतो पण त्याच्यातच बजेट संपेल. नवीन फोर-स्ट्रोक ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनवालं) घेतलं तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. त्यात पण बॅकबोनच्या (नेटवर्कच्या मुख्य केबलच्या) दोन्ही टोकांना १२० ओमचा टर्मिनेटर लागतोच, एक विसरला की नेटवर्क चाललं तर चाललं.

हर्णै_बंदर

मुठाकाठ दादा, तुमची जानेवारीची गोष्ट वाचून पोटात गोळा आला, कारण समुद्रात आमच्यावर तीच वेळ आली होती, फक्त कारण वेगळं.

आमच्या बोटीत फिक्स पेट्रोल टाकी आहे. जुना मीटर गेला म्हणून नवीन आणला, सेन्डर (टाकीतला फ्लोटवाला भाग, पातळीप्रमाणे ज्याचे ओम बदलतात) जुनाच ठेवला. आता सेन्डर दोन जातीचे येतात, अमेरिकन म्हणजे रिकाम्याला २४० ओम आणि भरलेल्याला ३३, आणि युरोपियन म्हणजे रिकाम्याला साधारण ० आणि भरलेल्याला १८०-१९०. उलटे आहेत एकमेकांच्या. आमचा सेन्डर अमेरिकन, मीटर युरोपियन. टाकी जसजशी रिकामी होत गेली तसतसा काटा फुलकडे सरकत गेला आणि आम्ही निवांत. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर इंजिन दोन आचके देऊन बंद. वल्ही होती आणि भरती आत येत होती म्हणून परत आलो. तेव्हापासून मीटर आणि सेन्डर एकत्रच घेतो, आणि जोडायच्या आधी फ्लोट हाताने वर-खाली करून ओम मोजतो.

मीटर अमेरिकन जातीचा आहे का हे दुकानातच बॅटरी लावून कळतं. सेन्डरचं टोक मोकळं ठेवलं तर काटा रिकाम्यावर, तेच टोक अर्थला लावलं तर फुलवर, तर अमेरिकन. तुमची टाकी बोटीत ठेवायची प्लास्टिकची असेल तर फ्युएल मीटरवर पैसे घालवूच नका, टाकी उचलून बघायची आणि एक भरलेली जादा ठेवायची.

तुम्हाला खरी गरज आहे ती वॉटर प्रेशर मीटरची, माझं तर म्हणणं टॅकोच्या पण आधी तो. टेंपरेचर आणि बझर दोन्ही इंजिन तापल्यावर सांगतात. जाळी बुजली की प्रेशर लगेच पडतं, धातू तापायच्या आधी, आणि उजनीत जलपर्णी आणि मासेमारीची तुटकी जाळी दोन्ही आहेत. त्याला वायरपण लागत नाही, इंजिन ब्लॉकवरचा प्लग काढून तिथे अडॅप्टर आणि एक बारीक नळी पुढे मीटरपर्यंत, रिगिंगच्या पाइपमधूनच (ज्यातून इंजिनच्या वायरी-केबल पुढे येतात) ओढायची, कुठे दुमडली जाऊ द्यायची नाही.

मुठाकाठ

दोघांचे मनापासून आभार, इतकं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. टाकी प्लास्टिकचीच आहे, २५ लिटरच्या दोन, त्यामुळे फ्युएल मीटर रद्द. प्रेशरचा आकडा किती असायला हवा पण? मी वाचलं तिथे कुणी ५ म्हणतं कुणी १५ पीएसआय. आणि तीन भोकांत काय काय लावू?

जुना_इंजिनरूमवाला

मुठाकाठ, मी वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. आयुष्य इंजिनं सांभाळण्यात गेलं.

प्रेशरचा आकडा दुसऱ्याचा घेऊ नकोस. नवीन इम्पेलर टाकलाय ना? मग आत्ताच, पंप नवा असताना, तुझ्या इंजिनचा तक्ता कर. आयडलला काटा जेमतेम उचलेल, त्याने घाबरायचं नाही. मग २०००, ३०००, ४००० आणि फुल थ्रॉटल, प्रत्येक ठिकाणी काटा कुठे थांबतो ते लिही, लॅमिनेट कर आणि कन्सोलच्या झाकणाला आतून चिकटव. पुढच्या वर्षी ३००० ला आकडा हळूहळू खाली आलेला दिसला की इम्पेलर झिजतोय, आणि एकदम पडला की जाळी बुजली, ताबडतोब थ्रॉटल कमी करून इंजिन बंद. तुझ्या दाजींनाही हे दोन फरक पाठ करायला लाव, बोट ते चालवतात.

तिसरा मीटर व्होल्टमीटर. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये कधी कधी नुसता रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) असतो, रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) नसतोच, तेव्हा जास्त आरपीएमला व्होल्टेज १५ च्या वर जाऊन मीटर, जीपीएस, मोबाइल चार्जर सगळं जाळतं. ते आधी तपास. आणि इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवायची नाही, रेक्टिफायर जातो. टॅको मेला आणि व्होल्टेज पण वाढत नाहीये, असं दोन्ही एकदम दिसलं तर मीटरला दोष देऊ नकोस, स्टेटर (तीच चार्जिंग कॉइल) किंवा रेक्टिफायर बघ, दोघांचा सिग्नल तिथूनच येतो.

आवरमीटर पण घे, छोटा, इंडक्टिव्ह, ज्याची वायर स्पार्क प्लगच्या केबलला गुंडाळायची. चावीला जोडलेला आवरमीटर चावी चालू राहिली की इंजिन बंद असतानाही तास मोजतो. तासांशिवाय गिअर ऑइल कधी बदलायचं, इम्पेलर कधी बघायचा याचा हिशोब राहत नाही. याला भोक लागत नाही, चिकटवला की झालं.

आता भोकं. तुझी तीन आहेत ती मोजून बघ, टॅकोला साधारण ८६ मिलिमीटर आणि छोट्या मीटरला ५२ लागतं. नवीन पाडायचं झालं तर मास्किंग टेप लाव, त्यावर खूण कर, आणि होल-सॉ (गोल भोक पाडायची करवत) आधी उलटा फिरवून वरचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) खरवडून काढ. गोल खाचेत पांढरी भुकटी जमते, ती पुसली की खाली फायबरचा रंग दिसतो, तो दिसला की मग ड्रिल सरळ फिरव. पहिल्यापासून सरळ फिरवलास तर कडेला जेलकोटचे टवके उडतात आणि ते कायम दिसतात. मास्क लाव, फायबरची धूळ छातीत जाते. मागचा क्लॅम्प बोटांनीच आवळ, पान्याने आवळला की बॉडी वाकते, तिथून दमट हवा आत.

वायर टिनप्लेटेड तांब्याची, जोड क्रिम्प करून आतून गोंद असलेली हीट श्रिंक, आणि मीटरच्या पॉझिटिव्हवर ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज. बोट कोकणातून आलीय म्हणतोस, तर जुना एकेक कनेक्टर उघडून बघ. बाहेरून स्वच्छ दिसणारी वायर इन्सुलेशनच्या आत बोटभर हिरवी झालेली असते.

अजून एक, कोकणातली बोट म्हणजे प्रॉप (पाण्यातला पंखा) समुद्रसपाटीच्या हिशोबाने बसवलेला. उजनी समुद्रसपाटीपासून जवळपास ५०० मीटर उंच, दर ३०० मीटरला इंजिनची ताकद साधारण ३ टक्के कमी होते. टॅको नीट झाला की माणसं भरून फुल थ्रॉटलला बघ. ४५०० पण गाठत नसेल तर प्रॉप जड आहे, पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल तो आकडा) एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

मुठाकाठ

काका, राग कसला, उलट प्रिंट काढून दाजींना देतोय.

अपडेट देतो. काल भिगवणला गेलो. टॅकोच्या मागचा सिलेक्टर खरंच ४पी वर होता, ६ वर आणला, आयडल ९०० दाखवतोय आणि ऑप्टिकलवर पण तेवढंच, वीस-तीसचा फरक. एकटा असताना फुल थ्रॉटल ५३००. आज सकाळी सहा जण बसवून परत गेलो तर ४६५०, म्हणजे काठावर आहे, रेंजच्या आत आहे पण भरलेल्या बोटीला जड जातंय असं वाटतं, एक इंच कमी पिचचा प्रॉप कुणाकडून मागून ट्राय करतो.

गुलाबी वायर जोडली. टोक तापमानाच्या स्विचजवळ काढून अर्थला टेकवलं तर बझर असा वाजला की काठावरचे बगळे उडाले आणि दाजी पळत आले. प्रेशर मीटर मागवलाय, पण ब्लॉकवरच्या प्लगला गंज आहे, जोर लावायची भीती वाटते, अॅल्युमिनियमचं थ्रेड गेलं तर संपलंच.

हर्णै_बंदर

जोर लावू नका अजिबात. पेनिट्रेटिंग ऑइल मारून एक रात्र ठेवा, दुसऱ्या दिवशी परत मारा, मग इंजिन थोडं चालवून कोमट झालं की बंद करून आधी घट्ट करायच्या बाजूला किंचित, मग सोडायच्या बाजूला. हलला की थांबा, परत ऑइल. अडॅप्टर बसवताना थ्रेडला सीलंट लावा आणि पहिले दोन फेरे हातानेच.

मुठाकाठ

ओके, आज रात्रीच ऑइल मारून येतो, दाजींना फोन केलाय. मीटर आला की ३००० चा आकडा इथे टाकतो.