शिरवळहून पुण्याला आयजेपी (इंटर्नल जॉब पोस्टिंग, म्हणजे आतल्याच रिकाम्या जागेसाठी अर्ज) टाकावी का?

सातारकर_क्वालिटी
शिरवळला मोठ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर, कायम, चार वर्षं दोन महिने. रेटिंग दरवर्षी तीन, ग्रेड तीच. पुण्यात सप्लायर क्वालिटीची (पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता बघायची) जागा आयजेपीवर आलीय, पण ग्रुपमधल्याच दुसऱ्या कंपनीत. ग्रॅच्युइटी बुडेल का? साहेबांना आधी सांगावं का?

कुपवाड_एमआयडीसी
ग्रॅच्युइटीचं आधी बघा. कायम माणसाला सलग पाच वर्षं लागतात, आणि दुसरी कंपनी म्हणजे कायद्यानं दुसरा मालक. राजीनामा देऊन नवं ऑफर लेटर घेतलंत तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ‘बदली, सेवा सलग, मूळ रुजू तारीख अमुक’ असं पत्रातच लिहून घ्या. एचआरचं तोंडी ‘होईल ओ’ उपयोगाचं नाही. ग्रॅच्युइटीसाठी धरायचा पगार 30,000 असेल तर गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5 वर्षं, म्हणजे सुमारे 86,500 रुपये. पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो.

कृष्णाकाठ
साहेबांचं म्हणाल तर आयजेपी पॉलिसी वाचा. काही कंपन्यांत अर्ज टाकताक्षणी त्यांना मेल जातो, काहींत शॉर्टलिस्टनंतर. मेल जाणार असेल तर आदल्या दिवशी स्वतः सांगा, कारण सोडायची तारीख शेवटी त्यांच्याच हातात असते.

आता रेटिंग. अप्रेझलचा फॉर्म नंतरचा उपचार असतो. खरं ठरतं कॅलिब्रेशनच्या बैठकीत, जिथं सगळे साहेब बसून सगळ्यांची रेटिंग जुळवतात. वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या आणि साहेबांना तुमच्याबद्दल बोलायला जेमतेम मिनिट. ‘पोरगा कष्टाळू आहे’ म्हटलं की तीन! जानेवारीतच त्यांच्या हातात एक ओळ द्या: ‘ग्राहकाच्या तक्रारी 11 वरून 4, एप्रिल ते डिसेंबर, गेज आर अँड आर (मोजमाप किती भरवशाचं याची चाचणी) करून तपासणी पद्धत बदलली.’ बचतीचा आकडा असेल तर फायनान्सची सही घ्या, नाहीतर तिथंच कुणीतरी तो उडवतं. एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण शोधून उपाय लिहायचा आठ टप्प्यांचा अहवाल) किती भरले हे लिहू नका, ते रोजचं काम.

सातारकर_क्वालिटी
पगार वाढतो का यात?

कुपवाड_एमआयडीसी
त्याच ग्रेडला गेलात तर बहुधा नाही, पुढच्या एप्रिलला बघू म्हणतात. वर शिरवळ सोडून पुण्याचं घरभाडं. सप्लायर क्वालिटीत फिरतीही भरपूर, तेव्हा प्रवासभत्त्याचे नियम आधी मागवा. पीपीएपी (नवा पार्ट मंजूर करायची पद्धत) आणि आयएटीएफ 16949 (वाहन उद्योगाचं क्वालिटी मानक) चं अंतर्गत ऑडिटर सर्टिफिकेट नसेल तर मुलाखतीच्या आत उरका.