२०० किमीची ब्रेव्हे: पसरणी घाटात सायकल ढकलावी लागू नये म्हणून काय करू?

कासपठार:

नमस्कार. मी साताऱ्याची, वय ४७, हायस्कूलला गणित शिकवते. चार वर्षं झाली रोड बाईक चालवतेय. सपाटीवरचे १०० किलोमीटर आता अंगवळणी पडलेत. कराडला जाऊन यायचं म्हटलं तर फार विचार करावा लागत नाही.

गेल्या जानेवारीत पुण्याहून निघणाऱ्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) उतरले होते. पुणे, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी आणि परत. एकूण वेळमर्यादा साडेतेरा तास. सकाळी ६ ला निघालो. पाचगणीचा कंट्रोल, म्हणजे वेळेत गाठायचा तपासणीचा थांबा, १०० व्या किलोमीटरला, म्हणजे ताशी १५ च्या हिशेबानं तो १२.४० ला बंद होणार होता.

शिरवळच्या आधी एक चांगला ग्रुप मिळाला. खंबाटकीत त्यांच्यासोबतच चढले. मागे पडायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं आणि पडलेही नाही, त्याचा आनंदही झाला. वाईत १०.३५ ला पोचले. मिसळ खाल्ली, ११ ला निघाले. थंडी होती, तहान लागलीच नाही, तोवर जेमतेम एक बाटली पाणी पोटात गेलं होतं. पसरणी घाटात तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला मांड्या भरून आल्या. सर्वांत हलका गिअरही जड वाटायला लागला. मग पिंडरीत गोळा आला आणि उतरावं लागलं. चढायचं, पुन्हा उतरायचं, ढकलायचं. खाली वाई दिसत होती आणि वरचं वळण काही संपत नव्हतं. १२.५२ ला पाचगणीत पोचले. बारा मिनिटांनी गेलं. परत येताना सायकल एका टेम्पोत टाकली. त्या टेम्पोत मी रडले, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

यंदा पुन्हा नाव दिलंय. आठ आठवडे हातात आहेत. सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या, मागे ११ ते २८ दात्यांच्या, टायर २५ मिमीचे, रिम ब्रेक. माझं वजन ६२. गिअर बदलू का? सराव कसा करू? आणि अजून एक. तो घाट मी सायकलवरून कधी उतरलेलेच नाही. खरं सांगायचं तर मला चढापेक्षा उताराची धास्ती जास्त आहे.

बोपदेव_पहाटे:

गिअर बदलाच. तुम्ही गणिताच्या, म्हणून आकड्यांतच सांगतो. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरा. पुढे ३४, मागे २८ ला पेडलचे मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ९.२ किलोमीटर वेग येतो. दमल्यावर फेरे ४५ वर आले की वेग ६.९, आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर ताण. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) लावलीत तर ६० फेऱ्यांना वेग ७.६ येतो. म्हणजे हळू जायची वेळ आली तरी पाय फिरते राहतात. तुमच्या बाबतीत पाय फिरायचे थांबले, तिथेच सगळं बिघडलं.

मात्र आधी मेकॅनिकला मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) दाखवा. आखूड केजचे (केज म्हणजे त्याचा चेन ताणून धरणारा खालचा भाग) बरेचसे डिरेलर २८ किंवा ३० च्या पुढे घेत नाहीत. मधल्या केजचा लागेल आणि चेनही लांब लागेल. टायर २८ चे बसत असतील तर तेही घाला. तुमच्या वजनाला हवा थोडी कमी ठेवता येईल आणि खराब रस्त्यावर हात बधिर होणार नाहीत.

सराव म्हणाल तर ब्रेव्हेच्या आधी एकदा पूर्ण २०० करून बघा. मनातली भीती जाते.

घाटरस्ता:

ताई, मी एसटीत २९ वर्षं चालक होतो. त्यातली बरीच वर्षं वाई-पाचगणी-महाबळेश्वर याच रस्त्यावर गेली. निवृत्त झाल्यावर सायकल धरली. पसरणीची वळणं माझ्या हातांना पाठ आहेत, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तुम्ही उतरलात पसरणीत, पण पाय खर्ची पडले ते खंबाटकीत. साठ-पासष्टाव्या किलोमीटरला दुसऱ्याच्या चालीनं घाट चढलात. भरलेली गाडी घाटात घेताना आम्हाला एकच सांभाळावं लागायचं, इंजिनाला धाप लागू द्यायची नाही. गाडी कुरकुरायला लागल्यावर गिअर टाकणारा चालक कच्चा. वळण यायच्या आधीच खालचा गिअर पडलेला हवा. सायकलचंही तसंच आहे. पाय जड झाल्यावर हलका गिअर शोधायचा नसतो. पाय ताजे असतानाच, खंबाटकीच्या पहिल्या चढाला, तो टाकायचा आणि पुढे जाणाऱ्यांना जाऊ द्यायचं. ब्रेव्हेत नंबर काढत नाहीत. वेळेत पोचलेला प्रत्येक जण सारखाच.

आता तुमचाच हिशेब मांडू. खंबाटकीत दहा मिनिटं जास्त गेली असती तर वाईत १०.४५ झाले असते. मिसळीला गेलेली २५ मिनिटं दहावर आणली तर १०.५५ ला निघालात. घाट बारा किलोमीटरचा धरा, चढ साधारण साडेपाचशे-सहाशे मीटरचा, म्हणजे शंभराला पाचच्या आतबाहेर. ताशी ९ नं ८० मिनिटं. १२.१५ ला पाचगणी. कंट्रोल बंद व्हायला २५ मिनिटं बाकी. पसरणी हा काही राक्षस नाही. चढ एकसारखा आहे, मध्येच भिंत उभी राहत नाही. लय लागली की तो घाट स्वतःच वर नेतो. माझा आवडता घाट आहे तो, ताई, आणि तुम्हाला तो आवडावा असं मला मनापासून वाटतं.

लयीसाठी घड्याळात बघा. पंधरा सेकंदांत उजवा पाय पंधरा वेळा खाली गेला पाहिजे. मी मनात दिंडीतल्या टाळांचा ठेका धरतो. आणि दम असा हवा की एखादा अभंग सलग म्हणता यावा. म्हणता येत नसेल तर जोर जास्त लागतोय.

सरावाला तुमच्या दारातच यवतेश्वरचा घाट आहे. आठवड्यातून दोनदा जा. एका खेपेला एकदाच, पण बसूनच चढायचं, पेडलवर उभं राहायचं नाही. दुसऱ्या खेपेला तोच चढ तीनदा, आणि वेळ लिहून ठेवायची. पहिल्या आणि तिसऱ्या चढात दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तर पहिला जास्त जोरात गेला असं समजा. हा फरक कमी करणं हीच तुमची तयारी. वेग आपोआप येईल.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक फेरी करा: सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, पाचगणी, वाई, सातारा. एकशेवीस किलोमीटर होतील. केळघर चढून वर आलात की पसरणी उतरायला मिळेल, तेही ब्रेव्हेच्या आधी. पहाटे निघा आणि आडवारी जा. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते.

आता उतार. आम्हाला शिकवलेलं होतं, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. सायकलला इंजिनाची ओढ नाही, सगळा भार ब्रेकवर. म्हणून ब्रेक धरून ठेवायचा नाही. धरायचा, सोडायचा, पुढचा-मागचा दोन्ही. सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करा. वळणात शिरल्यावर ब्रेक आवळू नका. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, अंगाचा भार त्यावर, आणि नजर वळण जिथे संपतं तिथे. नजर खड्ड्यावर राहिली की चाकही खड्ड्यात जातं. कडेला खडी साचलेली असते, म्हणून पांढऱ्या पट्टीला चिकटून उतरू नका, आपली लेन घ्या. डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, हे विसरू नका. खालून एसटी येताना दिसली तर तिला वळण पूर्ण घेऊ द्या. तिला बाहेरून फिरावं लागतं. गंमत म्हणून नाही घेत ती रस्ता.

वर पोचलात की घामानं भिजलेलं अंग असतं आणि उतारावर वारा लागतो. विंडचीटर नसेल तर वर्तमानपत्राचा कागद जर्सीच्या आत छातीला लावा. बोटं गारठली तर ब्रेक नीट दाबला जात नाही, भीती तिथून सुरू होते. दोन-तीनदा थांबून हात चोळले तरी पाचच मिनिटं जातात.

आणि केळी बाहेर लटकवू नका. घाटात माकडं आहेत.

पंचगंगा:

कोल्हापूरहून लिहितेय. वय ४४. एका मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण करून सुपर रॉन्डोनर झाले, पण त्याआधी दोन ब्रेव्हे अर्धवट सोडल्या होत्या. त्यातली एक आंबा घाटात, आणि कारण अगदी तुमचंच. तहान लागली नाही म्हणून प्यायले नाही.

काकांनी घाटाचं सांगितलं, मी पोटाचं सांगते. थंडीत तहान फसवते. घड्याळ लावून प्या, तासाला निदान अर्धा लिटर. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. खाणं पहिल्या तासापासून सुरू करा, भूक लागायची वाट बघू नका. तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका केळ्यात साधारण २५ असतात. म्हणजे एक केळं आणि वर राजगिऱ्याचे एक-दोन लाडू, किंवा खजूर, किंवा गुळाची पोळी छोटे तुकडे करून. तुम्ही साताऱ्याच्या, कंदी पेढे न्याच, पण ते घाट चढून झाल्यावर खा. चढाआधी मिसळ नको. तेल-तिखट पोटात असताना चढायला लागलं की रक्तानं पोटाकडे बघायचं की पायांकडे? मी हे दोनदा भोगलंय.

बोपदेव यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. आधी पूर्ण २०० करायची गरज नाही. आठच आठवडे आहेत, नोकरी आहे. एवढी मोठी राईड केली की पुढचा आठवडा थकव्यात जातो. एकशेतीस-चाळीस नीट खात-पीत करता आले, तर २०० होतात. त्यापेक्षा एखाद्या आठवड्यात शनिवारी ८० आणि रविवारी ६० करा. दमलेल्या पायांनी निघायची सवय त्यानं लागते. शेवटच्या आठवड्यात फार काही करू नका.

बाईमाणसांचं बोलतं कुणी नाही म्हणून लिहिते. सीट बसायच्या हाडांच्या रुंदीप्रमाणे निवडा, ती आपली पुरुषांपेक्षा साधारणपणे रुंद असतात. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण घासते. क्रीम आधीच लावा, सोलवटल्यावर नाही. पाळीची तारीख जवळ येत असेल तर पॅड सोबत ठेवा, आणि स्वच्छतागृहाला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. हायवेला पेट्रोल पंप आहेत, हक्कानं थांबा.

परतीला जुन्या कात्रज घाटाचा चढ दिवस मावळल्यावर येईल. पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट असू द्या. त्या चढासाठी दोन लाडू वेगळे बांधून ठेवा. मी ठेवते.

कासपठार:

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार मानायचे तर शब्द पुरणार नाहीत, म्हणून काय केलं तेच सांगते.

माझा डिरेलर ३० पर्यंतच घेणारा निघाला. मधल्या केजचा बसवला, ११-३४ कॅसेट, नवी चेन. टायर मात्र २५ चेच ठेवावे लागले, माझ्या ब्रेकखाली २८ चे बसत नाहीत.

काल यवतेश्वर तीनदा केला. ३८, ३९ आणि ४१ मिनिटं. काकांच्या मापानं पहिला अजून जरा जोरातच गेला. पहिल्या आठवड्यात हाच फरक नऊ मिनिटांचा होता. टाळांचा ठेका मला जमत नाही, मी पाढे म्हणते. एकोणतीसचा पाढा चढावर फार छान बसतो.

उताराला ब्रेक धरा-सोडा करत आले. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की खांदे कानाजवळ ओढलेले नाहीत. एवढीच बातमी, पण माझ्यासाठी ती मोठी आहे. पुढच्या बुधवारी शाळेला सुट्टी आहे. मेढ्याच्या फेरीला निघते.

घाटरस्ता:

झकास. केळघरला पाणी भरून घ्या.

ब्रेव्हेच्या दिवशी मी वाईत रस्त्याला उभा असेन. चहा देणार नाही. कंट्रोल सोडून बाहेरची मदत घेतलेली नियमात बसत नाही, आणि तुमचं ब्रेव्हे कार्ड (कंट्रोलची नोंद असते ते) माझ्यामुळे अडायला नको. नुसतं घड्याळ बघीन. साडेदहाच्या आधी दिसलात, तर हातानं ‘सावकाश’ अशी खूण करीन.