मदत हवी आहे: 'प्रोमिथियस'चा 'एलियन'शी सांधा कुठे जुळतो?
१९७९चा 'एलियन' सिनेमा मला तोंडपाठ आहे. परवा त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा २०१२चा 'प्रोमिथियस' पुन्हा लावला आणि पुन्हा तेच, अर्धा खूश, अर्धा वैतागलेला. मायकल फासबेंडरचा यंत्रमानव डेव्हिड अफलातूनच. पण ज्याच्या यंत्रांनी आतला नकाशा काढला, तोच भूगर्भतज्ज्ञ वाट चुकतो? अरे काय!

खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या सिनेमात परग्रही यानातला तो अवाढव्य वैमानिक खुर्चीतच मेलेला, बरगड्या बाहेर वळलेल्या. इथला इंजिनियर (त्याच परग्रही जमातीतला) खुर्ची सोडतो आणि भलतीकडेच मरतो. शिवाय इथला चंद्र एलव्ही-२२३, जुन्या सिनेमातला एलव्ही-४२६. म्हणजे अंतराळयानं दोन वेगळी धरायची ना? मग तो खुर्चीतला कोण? पुढच्या भागात, २०१७च्या 'कव्हनंट'मध्ये उत्तर मिळतं का? कथा न फोडता सांगा प्लीज, तो अजून पाहिलेला नाही.